मोटारीचें पोट आणि रस्त्याची पाठ

मोटारगाडीच्या इतिहासांत इंजिनाच्या शक्तीला, वेगाला आणि गाडीच्या डौलाला जितकें स्थान मिळालें आहे, तितकें एका साध्या मापाला मिळालेलें नाहीं. गाडीच्या पोटापासून जमिनीपर्यंतचें अंतर, हें तें माप. आजच्या साधारण मोटारींत तें १६ ते १८ सें.मी. असतें, म्हणजे वीतभरहि नाहीं. स्प्रिंगा कापून किंवा आंखूड स्प्रिंगा बसवून हें अंतरहि चार-पांच सें.मी.नें कमी करण्याची हौस कांहीं तरुण मालकांना असते. अशी बुटकी केलेली गाडी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यांत रोज चालवावयाची तर काय घडतें, हें समजून घेण्यासाठीं आधीं थोडें मागें गेलें पाहिजे.

बैलगाडीचीं चाकें माणसाच्या छातीपर्यंत येत, तीं कांहीं शोभेसाठीं नव्हेत. मोठें चाक खड्ड्यांत कमी शिरतें, आणि आंस उंच असला म्हणजे चाकोरीच्या मधला मातीचा उंचवटा त्याला लागत नाहीं. आरंभींच्या मोटारींनीं हेंच शहाणपण घोडागाडीकडून उचललें. १९०८ सालीं निघालेली फोर्डची ‘मॉडेल टी’ जमिनीपासून सुमारें १० इंच उंच होती, आणि अमेरिकेंतील शेतकऱ्यांच्या चिखलवाटांवर ही उंची फार उपयोगी पडली. पुढें रस्ते पक्के झाले, वेग वाढला, आणि उंच गाडी वळणावर कलंडूं पाहते ही अडचण जाणवूं लागली. १९२२ मधील इटलीची ‘लान्सिया लाम्ब्डा’ आणि १९३४ मधील फ्रान्सची पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी ‘सिट्रोएन’ यांनीं खालचा वेगळा सांगाडा टाकून देऊन माणसांना जवळजवळ चाकांच्या मध्यें बसविलें. यांतील क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे. आधीं रस्ता गुळगुळीत झाला, मग गाडी खालीं आली.

केवळ हौसेसाठीं गाडी खालीं आणण्याची कथा याहून निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेंमागें लॉस एंजल्समधील मेक्सिकन वंशाचे तरुण जुन्या गाड्यांच्या मागील पेटींत वाळूचीं पोतीं भरीत, नाहींतर स्प्रिंगा कापीत, आणि अगदीं मंद गतीनें रस्त्यांतून मिरवीत. वेगासाठीं नव्हे, पाहिलें जावें यासाठीं! गाडीचा कोणताहि भाग चाकाच्या धांवेच्या खालच्या कडेपेक्षां खालीं येतां कामा नये, असा कायदा कॅलिफोर्नियांत १९५८ पासून अमलांत आला. त्यावर रॉन अग्विरे नांवाच्या गृहस्थानें १९५९ मध्यें हैड्रॉलिक पंपाची युक्ति काढली. बटण दाबतांच गाडी वर उचलली जाई, आणि पोलीस पुढें गेला कीं पुन्हां खालीं बसे. कायदा व कारागीर यांच्या या लपंडावाचा शेवट व्हावयास २०२४ साल उजाडलें. त्या वर्षारंभीं तो निर्बंधच रद्द झाला.

आतां आपल्या तीन शहरांकडे वळूं. येथें रस्त्यापेक्षां आगगाडी वडील आहे. कल्याणहून पळसदरीकडे लोहमार्ग १८५६ मध्येंच गेला, आणि पुढें दूरचा प्रवास रुळांवरून होऊं लागला. बदलापूर हें नांव घोडे बदलण्याच्या ठाण्यावरून पडलें अशी लोकसमजूत आहे. ती खरी असो वा नसो, त्या वाटेची ओळख घोड्याच्या टापांशीं जोडलेली आहे, चाकांशीं नव्हे. अंबरनाथाच्या शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० च्या शिवालयांत तर गाभाराच जमिनीच्या पातळीखालीं आहे, आणि दर्शनासाठीं पायऱ्या उतराव्या लागतात. उल्हासनगर मुळांत महायुद्धकाळचा लष्करी तळ. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारें एक लाख निर्वासितांना त्याच्या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं या वसाहतीचें उल्हासनगर असें नामकरण झालें. एक, दोन, तीन असे कॅम्पांचे आंकडे अजून लोकांच्या तोंडीं आहेत. शिपायांच्या बराकींसाठीं आंखलेल्या या भूमीवर पुढें दुकानें, कारखाने आणि घरें दाटीनें उभीं राहिलीं. त्या रस्त्यांना दर पिढीनें आपापल्या गरजेप्रमाणें खोदलें, बुजविलें आणि उंच केलें.

त्यांत गतिरोधकांची भर पडली. या गतिरोधकांचें गणित मोठें मनोरंजक आहे. भारतीय रस्ते परिषदेच्या १९८८ च्या मानकाप्रमाणें गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सें.मी. उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. पुढच्या व मागच्या आंसांत अडीच मीटर अंतर असलेली गाडी त्याच्या माथ्यावर आली, तर चाकेंहि त्याच चढावर असल्यामुळें पोटाखालचा उंचवटा भरतो अवघा साडेचार सें.मी. म्हणजे प्रमाणशीर गतिरोधकावरून बुटकी गाडीहि सहज जाईल! परंतु गल्लीच्या तोंडाशीं कोणी हौसेनें घातलेला हातभर रुंदीचा वरवंटा चाकांच्या मध्यें आला, कीं पूर्ण १० सें.मी. पोटाला भिडूं पाहतो. गाडींत पांच माणसें आणि बाजारहाट असला, तर ती आधींच दबलेली असते. मग तेलाचें चेंबर फुटतें, सायलेन्सर खरवडतो. आणि स्प्रिंग कापल्यानें ती ताठर झालेली असल्यामुळें प्रत्येक धक्का मागें बसलेल्या आजोबांच्या कमरेपर्यंत पोंचतो. हौस एकाची आणि कंबर दुसऱ्याची, हा हिशेब घरांत क्वचितच मांडला जातो.

पावसाळ्यांत प्रश्न याहून गंभीर होतो. बदलापूर उल्हास नदीच्या कांठीं, तर वालधुनी अंबरनाथ व उल्हासनगर या दोन्ही शहरांतून वाहते. २६ जुलै २००५ चा प्रलय येथील लोक विसरलेले नाहींत. २७ जुलै २०१९ रोजीं तर बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरांत अडकली, आणि हजारावर उतारूंना नौका आणून सोडवावें लागलें. जेथें आगगाडीची ही गत, तेथें जमिनीलगत बसलेल्या मोटारीची काय कथा? हवा घेणारें तोंड जितकें खालीं, तितकें पाणी इंजिनांत लवकर शिरतें, आणि पाणी दाबलें जात नसल्यानें आंतील दांडा वांकतो.

कायद्याचें म्हणणेंहि ऐकून ठेवावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें निर्मात्यानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल करण्यास मालकाला मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हेंच निःसंदिग्ध शब्दांत सांगितलें. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बदलाला पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

तरीहि ज्याला अशी गाडी चालवावयाचीच आहे, तो हळूहळू कांहीं युक्त्या शिकतो. गतिरोधकावर गाडी तिरपी घालावयाची, म्हणजे एका वेळीं एकच चाक चढतें; मागची रिक्षा भोंगा वाजवीत राहिली तरी घाई करावयाची नाहीं; पाण्याचा तळ दिसत नसेल तर परत फिरावयाचें. आणि सोसायटीच्या फाटकाशीं आलें कीं घरच्या मंडळींना खालीं उतरवावयाचें. घाटाच्या चढावर घोडे दमले म्हणजे टांगेवाला उतारूंना असेंच उतरून चालावयास सांगत असे.