नाताळची कथा आणि मुलांची भाषा

बंगळूरची चामराजपेट १८९२ साली वसली. आज तेथे अनेक भाषांची घरे शेजारी शेजारी नांदतात. अशा वस्तीतील प्राथमिक शाळेत नाताळचा सण मुलांना कोणत्या शब्दांत सांगावा? गोमंतकात हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता.

१५७९ साली गोव्यास आलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स साष्टीत राहून लोकभाषा शिकला. धर्मशिकवणीचे त्याचे प्रश्नोत्तररूप कोकणी पुस्तक त्याच्या निधनानंतर, १६२२ साली निघाले. त्यापूर्वीच, १६१६ साली, राचोल येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त बेथलेहेमची कथा मराठी ओवीत अवतरली होती. पुराणश्रवणास सरावलेल्या कानांना नवा सण ओळखीच्या छंदात भेटला.

पण त्यामागे एक दुःखही होते. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली होती. जुन्या पुराणांवर बंदी होती. पुढे १६८४ साली तर पोर्तुगीज सत्तेने लोकांची भाषाच सोडण्याचा हुकूम काढला. तरीही ख्रिस्तपुराण टिकले आणि १९०७ साली मंगळुरास पुन्हा छापले गेले.

दुसऱ्याचा सण मुलाला त्याच्याच भाषेत सांगितला, की तो परका राहत नाही. मात्र त्यासाठी मुलाची स्वतःची कथा हिरावून घेण्याचे कारण नाही. शिक्षकाने या इतिहासातून घ्यावयाचे ते एवढेच.