तापमान वाढतंय, चालणं घटतंय? हवामान बदलाचा व्यायामाशी काय संबंध?

हवामान बदल म्हटलं की वितळणारे हिमनग, पूर आणि दुष्काळ आठवतात. पण त्याचा परिणाम रोजच्या चालण्या-फिरण्यावरही होतो.

संशोधन काय सांगतं?

अमेरिकेतल्या सुमारे १९ लाख लोकांच्या २००२ ते २०१२ दरम्यानच्या माहितीचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण २८-२९ अंश सेल्सिअसपर्यंत तापमान वाढलं, तर लोकांची शारीरिक हालचाल वाढते; त्यापुढे ती घटू लागते, असं त्यात दिसलं. म्हणजे थंड प्रदेशांत हिवाळा सौम्य झाल्यावर लोक जास्त बाहेर पडतील. महाराष्ट्रात मात्र घराबाहेर पडण्यात खरी अडचण असते ती उन्हाची.

उकाड्यात शरीराचं काय होतं?

घाम वाळताना शरीर थंड होतं. हवा दमट असेल तर घाम नीट वाळत नाही. म्हणून मुंबईतले दमट ३४ अंश विदर्भातल्या कोरड्या ३४ अंशांपेक्षा जास्त जाचतात. त्यात शहरातलं काँक्रीट आणि डांबर दिवसा साठलेली उष्णता रात्री सोडतं, त्यामुळे पहाटेचा गारवाही कमी होतो.

याची काळजी का करायची?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला हवा. भारतात २०२२ मध्ये जवळपास निम्मे प्रौढ एवढीही हालचाल करत नव्हते. महिलांमध्ये हे प्रमाण आणखी जास्त होतं. हालचाल कमी झाली की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. आणि या आजारांच्या रुग्णांनाच उष्णतेचा त्रास जास्त होतो.

बांधकाम मजूर आणि शेतमजुरांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना ऊन टाळण्याची मुभाच नसते. त्यांच्यासाठी कामाच्या वेळा बदलणं, सावली आणि पाणी मिळणं महत्त्वाचं.

दुसरी बाजू कोणती?

जवळच्या कामांसाठी गाडीऐवजी पायी किंवा सायकलने गेलं तर व्यायाम होतो आणि कार्बन उत्सर्जनही घटतं. पण सलग पदपथ आणि झाडांची सावली नसेल, तर नुसत्या उपदेशाने लोक चालत नाहीत. पुणे एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. पुढे तिथलेही रस्ते दुचाकींनी भरले.

उन्हाळ्यात काय करता येईल?

• पहाटे किंवा संध्याकाळी उशिरा चाला.
• उकाडा अचानक वाढला तर व्यायाम कमी करा. शरीराला सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात.
• उष्णतेची लाट असेल तेव्हा घरातच योगासनं किंवा हलका व्यायाम करा.
• चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी जाणवली तर लगेच थांबा, सावलीत जा, पाणी प्या.
• अंग तापून कोणी असंबद्ध बोलू लागलं तर तो उष्माघात असू शकतो. अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि तातडीने रुग्णालयात न्या.