सत्तावन्न सालची दोन मते

आपल्या पोरांना १९५७ सालची निवडणूक कुणी सांगत नाही. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, समाज पोरका झाला, आणि काही महिन्यांतच लोकसभेचे मतदान आले. तेव्हा कोल्हापूर मतदारसंघातून दोन खासदार निवडायचे होते, एक सर्वसाधारण व एक राखीव. मतदाराला मतेही दोन. आपले शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होते. शेकापचे भाऊसाहेब महागावकर आणि फेडरेशनचे शंकरराव दिगे, दोघेही निवडून आले. म्हणजे बघा, शेतकऱ्याने एक मत निळ्या झेंड्याला दिले आणि आपल्या म्हाताऱ्यांनी एक मत लाल झेंड्याला!

३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. पुढे 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे गट पडले. जणू पक्ष नव्हे, विहिरीवरचा पंपच! १९९८ ला एकी झाली तर महाराष्ट्रातून चार खासदार गेले, चौघेही खुल्या जागांवरून. पण १९९९ च्या निवडणुकीपर्यंत पुन्हा वाटा वेगळ्या. याचा दोष नुसता काँग्रेसच्या माथी मारून चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पदासाठी दारात गेले ते आपलेच.

गारगोटीत कोणताही गट मते मागायला आला, तर चहा खुशाल पाजा. पण सत्तावन्न सालचे जरूर विचारा. दिग्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे, ते तरी कळेल.