सतरा नंबरचा अर्ज

शिरूर अनंतपाळचा परिसर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. घरी मराठी, तर 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. वसतिगृहात वंदे मातरम् म्हणणे सोडले नाही, म्हणून 1938 साली या विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. एकीकडचे शिक्षण दुसरीकडे ग्राह्य धरण्याचा प्रश्न मराठवाड्यात असा जुनाच आहे.

शाळा सुटलेल्यांसाठी आज दहावीचा एक मार्ग म्हणजे सतरा नंबरचा अर्ज. त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात तो सापडणे हीच पहिली परीक्षा! प्रश्नपत्रिका मात्र नियमित विद्यार्थ्यांचीच, वेगळी किंवा सोपी नव्हे. विज्ञानाचे 40-40 गुणांचे दोन लेखी भाग घरी वाचून तयार करता येतात. आम्हाला काळजी वाटते ती प्रात्यक्षिकाच्या 20 गुणांची. जिने भिंग कधी हातात धरले नाही, तिने नाभीय अंतर कसे काढावे? नेमून दिलेल्या शाळेतील शिक्षकाने एखाद्या रविवारी प्रयोगशाळा उघडावी. बहिर्गोल भिंग, खिडकी आणि पांढरा कागद एवढ्यावर भागते. दूरच्या झाडाची उलटी प्रतिमा कागदावर स्पष्ट उमटली, की भिंगापासून कागदापर्यंतचे अंतर तिने पट्टीने मोजायचे.