पॉलिपेडेटिस

ऱ्हॅकोफोरिडी कुलातील झाडबेडकांची एक प्रजाती. योहान याकोब चूडी यांनी ती १८३८ मध्ये स्थापन केली. तिच्या सुमारे २५ जाती दक्षिण व आग्नेय आशियात आढळतात. दादरा व नगर हवेलीतील सिल्वासा व खानवेल, तसेच दमणगंगेचे खोरे हा भाग पॉलिपेडेटिस मॅक्युलेटस या जातीच्या क्षेत्रात येतो. महाराष्ट्रातही ती सर्वत्र परिचित आहे.

या जातीच्या मादीची लांबी ७ ते ८ सेंमी. असते, नर लहान असतो. रंग तपकिरी ते पिवळसर असून तो बदलू शकतो. मांडीच्या मागील बाजूचे पिवळे गोल ठिपके ही खात्रीची ओळख. बोटांच्या टोकांवरील चकत्यांमुळे हा बेडूक गुळगुळीत भिंतीवरही चढतो, म्हणून न्हाणीघरात आणि माठामागे हटकून सापडतो. उन्हाळ्यात तो त्वचेतून स्रवणारा स्निग्ध पदार्थ पायांनी अंगभर पुसून घेतो. त्यामुळे शरीरातील पाणी कमी उडते. बेडकाला पाण्यापासून इतके दूर राहू देणारी ही सोय खरोखर विलक्षण आहे.

प्रजननासाठी मात्र पाणी लागतेच. पावसाळ्यात नर ‘टक-टक-टक’ असा आवाज काढतात. मादी स्राव मागच्या पायांनी घुसळून फेसाचे घरटे करते आणि त्यात अंडी घालते. घरटे डबक्यावरच्या पानांना किंवा टाकीच्या भिंतीला चिकटलेले असते. बाहेरचा थर वाळतो, आतला ओला राहतो. काही दिवसांनी भैकेर, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्ले, खाली पाण्यात पडतात. घरटे पाण्याबाहेर असल्यामुळे अंडी पाण्यातील भक्षकांपासून वाचतात, पण घरट्याखालचे डबके आटले तर सारी वीण वाया जाते.