फडाने कर्णा का निवडला?

लावणीकार पठ्ठे बापूराव १८६६ साली सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्ष येथे जन्मले. त्यांचा फड ऐन भरात होता तेव्हा ध्वनिवर्धक नव्हता. मग यात्रेतल्या गर्दीला लावणी ऐकू कशी जायची? ओळीचा शेवट झीलकरी उंच पट्टीत उचलून धरत. यात विज्ञान आहे. आपला कान साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या ध्वनींना सर्वांत तीक्ष्ण असतो आणि चढ्या, ताणलेल्या गळ्यात नेमकी तिथली ऊर्जा वाढते. तरीही मोकळ्या माळावर अंतर दुप्पट झाले, की आवाज ६ डेसिबलने उतरतो.

कवलापूरच्या काळू-बाळूंच्या पिढीपर्यंत तमाशा मायक्रोफोनवर आला. बॅटरीवरच्या लहान वर्धकाची शक्ती थोडी. साध्या शंकूचा स्पीकर त्यातला शेकडा एक-दोन भागच ध्वनीत उतरवतो. कर्णा त्याच्या कितीतरी पट. म्हणून सातारा-सांगलीच्या माळांवर कर्णा सोयीचा.

किंमत मात्र ढोलकीने मोजली. लहान तोंडाच्या कर्ण्यातून काही शे हर्ट्झखालचे स्वर नीट निघतच नाहीत. शाईच्या पुडीचा टणत्कार दूरवर पोचतो, मोठ्या पुडीचा घुमारा हरवतो. आजही छोट्या वाद्यवृंदाने शब्दांसाठी कर्णा ठेवावा, पण ढोलकीसाठी मोठ्या शंकूची एक पेटी भाड्याने घ्यावीच.