सहकारी ऑनलाइन संदर्भ सेवा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

ग्रंथालय व्यवहारात 'सहकार' ही संकल्पना प्रामुख्याने ग्रंथांच्या देवघेवीशी निगडित राहिली आहे. आंतरग्रंथालयीन देवघेवीमुळे एका ग्रंथालयातील पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयाच्या वाचकापर्यंत पोहोचू लागले. ग्रंथपालाचे ज्ञान मात्र बहुतांशी त्याच्या टेबलापुरतेच मर्यादित राहिले. हे ज्ञान आंतरराष्ट्रीय पातळीवर वाटून घेण्याचा मोठा संघटित प्रयत्न २००० मध्ये सुरू झाला. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात आढावा घेतला आहे. हे सहकार्य तांत्रिक यंत्रणेपेक्षा सहभागी ग्रंथालयांच्या परस्पर करारावर अधिक अवलंबून होते, असे या इतिहासावरून दिसते.

पूर्वपीठिका

ग्रंथपालाने वाचकाला व्यक्तिशः साहाय्य करावे, हा विचार अमेरिकेतील वूस्टर येथील ग्रंथपाल सॅम्युअल ग्रीन यांनी १८७६ मध्ये मांडला. भारतात डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पंचसूत्रांत वाचकाच्या वेळेच्या बचतीस स्वतंत्र स्थान दिले. १९८४ मध्ये बाल्टिमोर येथील मेरीलँड विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान ग्रंथालयाने ई-मेलद्वारे प्रश्न स्वीकारण्यास प्रारंभ केला. १९९५ मध्ये मिशिगन विद्यापीठात 'इंटरनेट पब्लिक लायब्ररी' आकारास आली, तर १९९७ मध्ये ब्रिटनमधील सार्वजनिक ग्रंथालयांनी 'आस्क अ लायब्रेरियन' ही संयुक्त सेवा सुरू केली. येथे वाचकाचा प्रश्न सहभागी ग्रंथालयांपैकी एकाकडे सोपवला जाई.

जागतिक जाळ्याची उभारणी

लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००० मध्ये 'कोलॅबोरेटिव्ह डिजिटल रेफरन्स सर्व्हिस' हा प्रकल्प हाती घेतला. प्रत्येक सदस्य ग्रंथालयाने आपल्या संग्रहाची बलस्थाने, कर्मचाऱ्यांचे विषयज्ञान, कामाच्या वेळा व वाचकवर्ग यांची नोंद करून द्यावयाची होती. स्वतःकडे उत्तर न मिळालेला प्रश्न ग्रंथालय मध्यवर्ती यंत्रणेकडे पाठवी. यंत्रणा या नोंदी ताडून योग्य ग्रंथालय निवडी आणि उत्तर मूळ ग्रंथालयामार्फत वाचकाला मिळे. निवडक उत्तरे संपादित करून ज्ञानकोशात साठवली जात.

२९ जून २००० रोजी या व्यवस्थेतून पहिला प्रश्न गेला. तो ब्रिटनमधून आला होता व प्राचीन बायझन्टाईन पाककलेविषयी होता. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका सार्वजनिक ग्रंथालयाने काही तासांतच त्याचे उत्तर दिले. एखाद्या शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे सामर्थ्य सातासमुद्रापलीकडील वाचकाच्या उपयोगी पडू शकते, ही बाब येथे सिद्ध झाली. ते सामर्थ्य यंत्रणेला कळले, याचे कारण त्या ग्रंथालयाने ते आधीच नोंदवले होते.

करार आणि मर्यादा

जून २००२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेस व ओसीएलसी यांनी मिळून 'क्वेश्चनपॉइंट' ही सेवा आणली. कॅलिफोर्नियात २००० मध्ये सुरू झालेली '२४/७ रेफरन्स' ही संवादाधारित सेवा ओसीएलसीने २००४ मध्ये आपल्याकडे घेतली. या सहकाराचे सूत्र सोपे होते : प्रत्येक ग्रंथालयाने आठवड्यातील ठरावीक तास इतरांच्या वाचकांसाठी द्यावेत आणि त्या बदल्यात आपल्या वाचकांना रात्रंदिवस सेवा मिळवावी.

तथापि दूरस्थ ग्रंथपालास स्थानिक बाबी ठाऊक नसत. पुस्तक परत करण्याची मुदत, विलंबशुल्क, एखाद्या प्राध्यापकाने नेमून दिलेला प्रकल्प अशा प्रश्नांपुढे विद्वत्ता अपुरी पडे. म्हणून प्रत्येक ग्रंथालयाचे नियम लेखी स्वरूपात सर्वांना उपलब्ध करून देणे, तसेच न सुटलेला प्रश्न मूळ ग्रंथालयाकडे परत पाठवणे, या पद्धती रूढ झाल्या.

पुढील काळात यंत्रणा बदलल्या. 'इंटरनेट पब्लिक लायब्ररी'ची सेवा २००७ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठाकडे गेली व २०१५ मध्ये बंद झाली. २०१९ मध्ये ओसीएलसीने क्वेश्चनपॉइंटची सहकारी सेवा स्प्रिंगशेअर या खाजगी कंपनीकडे हस्तांतरित केली. सॉफ्टवेअर व मालकी बदलली, तरी तासांच्या मोबदल्यात तास हे तत्त्व कायम राहिले.

समारोप

इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट उपक्रमामुळे २०१० पासून भारतातील महाविद्यालयांना ई-नियतकालिके सामायिकपणे मिळू लागली. परंतु साधन हाती आले म्हणजे प्रश्न सुटला, असे होत नाही. मोडी कागदपत्रे वाचणारा जाणकार एका गावी असतो, पोर्तुगीजकालीन नोंदींचा अभ्यासक दुसऱ्या गावी आणि ज्या विद्यार्थ्याला त्यांची गरज असते तो तिसऱ्याच गावी. एकच ग्रंथपाल असलेल्या महाविद्यालयात हे अंतर विशेष जाणवते. अशा सहकार्याचा आरंभ महागड्या यंत्रणेने करण्याची आवश्यकता नाही. आपल्या ग्रंथालयाचे सामर्थ्य कशात आहे आणि आपण इतरांसाठी किती वेळ देऊ शकतो, हे प्रत्येक महाविद्यालयाने प्रामाणिकपणे लिहून काढणे, हीच त्याची पहिली पायरी होय.